हसून झाल्यावर : 'पीएचडी कॉमिक्स' पुन्हा वाचताना

१

आमच्या फ्रिजच्या दारावर चार वर्षं एक प्रिंटआउट चिकटवलेला होता. मीच ऑफिसच्या प्रिंटरवर काढून आणलेला. 'पीएचडी कॉमिक्स'मधली एक स्ट्रिप : सेमिनार कशावर आहे याच्याशी काही देणंघेणं नसलेला, पण सेमिनारनंतर खायला काय आहे याची पक्की खबर असलेला एक जुनाजाणता पीएचडी विद्यार्थी. माझी रूममेट जीवशास्त्रात पीएचडी करते, म्हणून तो कागद फ्रिजवर. गेल्या मार्चमध्ये एका रविवारी दूध काढायला म्हणून ती फ्रिजपाशी गेली, तिने तो कागद सोडवला, त्याची नीट घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "थोडे दिवस नको गं."

मला आधी रागच आला. विनोद कळत नाही म्हणजे काय! मग वाटलं, आपल्याला हा विनोद इतका नक्की का कळतो? मी पीएचडी केलेली नाही. मी चार वर्षं इंजिनियरिंग केलं, कॅम्पसमध्ये नोकरी लागली, ती घेतली. गेली सहा वर्षं मी पगारासाठी कोड लिहिते. तरीही या चित्रमालिकेच्या जवळजवळ सगळ्या स्ट्रिप मी वाचल्या आहेत, काही तर दहादहा वेळा. ड्रॉवरमध्ये गेलेल्या त्या कागदामुळे मी त्या पुन्हा वाचायला घेतल्या. हा लेख त्या दुसऱ्या वाचनाचा.

२

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. होर्हे चॅम हा पनामात वाढलेला मुलगा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनियरिंगमध्ये पीएचडी करायला गेला. विषय रोबोटिक्स, झुरळासारखे तुरुतुरु पळणारे छोटे सहापायी रोबो. १९९७ साली त्याने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दैनिकात, म्हणजे 'द स्टॅनफर्ड डेली'त, एक कॉमिक स्ट्रिप सुरू केली आणि ती वेबवरही टाकायला लागला. नाव 'पाइल्ड हायर अँड डीपर'. आद्याक्षरं जुळवा म्हणजे पीएचडी होतं. हा अमेरिकन विद्यापीठांतला जुना विनोद आहे : पदव्या जितक्या वरच्या, तितका ढीग उंच. ढीग कसला ते सभ्य वेबझिनमध्ये लिहायची गरज नाही. पुढे चॅमने पीएचडी पूर्ण केली, कॅलटेकमध्ये काही काळ काम केलं आणि मग संशोधन सोडून पूर्णवेळ चित्रं काढायला लागला. जगभरच्या विद्यापीठांत त्याने चालढकलीच्या महिम्यावर व्याख्यानं दिली, २०११मध्ये याच पात्रांवर एक चित्रपट आला, २०१५मध्ये दुसरा.

पात्रं मोजकी. एक नायक, ज्याला नावच नाही. त्याच्यासारखीच इंजिनियरिंगमधली सेसिलिया, जिला चॉकलेट आणि अपराधभाव दोन्ही सोडवत नाहीत. माइक स्लॅकनर्नी, ज्याच्या पीएचडीची सुरुवात कुणालाच आठवत नाही. मानववंशशास्त्रातली ताजेल. आणि प्रोफेसर स्मिथ, म्हणजे आपल्या भाषेत गाईड. आपल्याकडे 'गाईड' हा शब्द इतका रुळला आहे, की तो वाट दाखवण्याशी संबंधित आहे हेच विसरायला होतं. स्मिथसाहेब वाट दाखवत नाहीत. ते उगवतात, एक वाक्य बोलतात आणि जातात. त्या एका वाक्याने पुढचे तीन महिने बदललेले असतात.

मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना होस्टेलमधल्या एका सीनियरने मला यातली पहिली स्ट्रिप दाखवली. ती बहुतेक सगळ्यांनी कधी ना कधी पाहिली असेल, कुणाची आहे हे माहीत नसेल इतकंच. २०१२ची आहे. एक विद्यार्थी आपल्या फाइलला 'फायनल' असं नाव देतो. गाईड दुरुस्त्या सांगतो. मग फायनलची दुसरी आवृत्ती, मग सहावी, मग शेऱ्यांसकटची, मग दुरुस्त्यांसकटची. नाव लांबत जातं आणि शेवटी फाइलच्या नावातच शिव्याशाप आणि आपण या फंदात का पडलो हा प्रश्न येतो. आम्ही त्या आठवड्यात गिट शिकत होतो, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळायची ती सोय. सीनियर म्हणाला, "हे बघ, गिट नसलेल्या माणसाचं असं होतं." मी हसले, आणि त्या रात्री पहाटेपर्यंत मागच्या मागच्या स्ट्रिप वाचत बसले.

त्याच महिन्यांत माझा गेटचा निकाल आला होता. गुण बरे होते. एका चांगल्या संस्थेतून संशोधनाच्या प्रवेशासाठी मुलाखतीला बोलावणंही आलं होतं. मी गेले नाही. घरी सांगायला कारणं होती : नोकरी हातात आहे, बाबांची निवृत्ती जवळ आली आहे. पण स्वतःला सांगायला मी 'पीएचडी कॉमिक्स' वापरलं. बघ, तिथे काय होतं ते. सात-सात वर्षं जातात, गाईड भेटत नाही, पैसे नसतात, समोशासाठी सेमिनार करावे लागतात. न घेतलेल्या रस्त्याच्या तोंडावर कुणीतरी विनोदी पाटी लावून ठेवावी आणि आपण ती वाचून हसत दुसरीकडे वळावं, तसं झालं. त्यामुळे माझ्या हसण्यात सुरुवातीपासूनच सुटकेचा वाटा होता. टीकेच्या लेखात टीकाकाराने आपला स्वार्थ आधी जाहीर करावा, म्हणून हे सांगितलं.

३

पुन्हा वाचताना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की या मालिकेचं सगळ्यात मोठं यश तिच्या पात्रांत नाही. ते आलेखांत आहे. चॅमची चित्रकला साधी आहे, चेहरे ठरावीक, पार्श्वभूमी बहुतेक वेळा रिकामी. पण त्याने एक जुनी आणि गंभीर गोष्ट उचलली, आलेख, आणि तिच्यात अशा गोष्टी भरल्या ज्या कुणी मोजत नाही. काम करण्याची इच्छा विरुद्ध गेलेली वर्षं.  न्यूटनचे गतीचे तीन नियम घेऊन त्याने ते पदवी मिळण्याला लावले आहेत : चालढकल करणारा विद्यार्थी बाहेरून बल लागेपर्यंत चालढकलच करत राहतो, वगैरे.

हे वरवर दिसतं तितकं सोपं नाही. संशोधक दिवसभर आलेखाच्या भाषेतच बोलतो. त्याला जे वाटतं ते त्या भाषेत बसत नाही. प्रबंधात 'कंटाळा' नावाचा अक्ष नसतो. चॅमने त्याच भाषेत, त्याच काटेकोर अक्षांवर, त्या माणसाचं वाटणं मांडलं. त्यामुळे वाचणाऱ्याला एकाच वेळी हसू येतं आणि आपलं म्हणणं कुणीतरी 'डेटा' म्हणून नोंदवलं असंही वाटतं. आमच्या कंपन्यांत एखादी यंत्रणा रात्री कोसळली, की दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो : काय झालं, कधी कळलं, काय चुकलं. नियम असा, की कुणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही. प्रयोगशाळांत असं काही लिहून प्रसिद्ध करायची सोय नाही. चाललेला प्रयोग पेपरमध्ये जातो, न चाललेले चाळीस प्रयोग वहीत राहतात आणि वही कपाटात. वीस वर्षं ही चित्रमालिका त्या न चाललेल्या दिवसांची सार्वजनिक वही होती, असं म्हणायला माझी हरकत नाही.

आणि ही वही वेबवर होती याला महत्त्व आहे. वेब मुळात संशोधकांसाठीच जन्मलं. १९८९मध्ये टिम बर्नर्स-लीने सर्नमध्ये त्याचा प्रस्ताव मांडला तो तिथल्या शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सापडावी म्हणून. ऑगस्ट १९९१मध्ये पॉल गिन्सपार्गने लॉस अलामॉसहून जे सुरू केलं त्याचंच पुढे 'आर्काइव्ह' झालं आणि भौतिकशास्त्रातले पेपर छापून यायच्या आधीच सगळ्यांना वाचायला मिळू लागले. म्हणजे निष्कर्षांची देवाणघेवाण आधी आली. चॅमने त्याच तारांवरून दुसरं काहीतरी पाठवलं : आळस, भीती, अपराधभाव. तोवर प्रत्येक लॅबमधल्या प्रत्येकाला वाटत होतं, की काम न होणं हा आपला एकट्याचा गुन्हा आहे. रात्री एक वाजता स्क्रीनवर कळलं, की दुसऱ्या खंडातही हेच चाललंय. हा काही विज्ञानातला शोध नव्हे. पण तो ज्याला लागला त्याच्यासाठी त्या वर्षातला तो सगळ्यात उपयोगी शोध असू शकतो. माझी रूममेट पहिल्या वर्षाला असताना मी तिला पहिली स्ट्रिप पाठवली, तेव्हा तिचं उत्तर आलं होतं : "म्हणजे मी एकटीच नाही तर!"

४

एक स्ट्रिप मात्र अशी आहे, जी लॅबच्या बाहेरच्यांनीही वाचावी. २००९ची आहे, विज्ञानाच्या बातमीचा प्रवास दाखवणारी. संशोधकाचा निष्कर्ष असा : 'अ'चा 'ब'शी संबंध दिसतो, पण 'क' असेल तर, 'ड' गृहीत धरलं तर आणि 'इ' परिस्थितीतच.  मग विद्यापीठाचं प्रसिद्धी खातं त्यातल्या अटी मोघम करतं. वृत्तसंस्था 'संबंध'चं 'कारण' करते. इंटरनेट त्याला भीती जोडतं, टीव्ही ती वाढवतो आणि शेवटी संशोधकाची आजी 'अ'पासून वाचण्यासाठी डोक्यावर एक विचित्र टोपी घालून बसते. वर्तुळ पूर्ण.

पंधराहून अधिक वर्षांनी वाचताना ही स्ट्रिप अजून खरी वाटते, पण तिचा क्रम जुना झालाय. तिच्यात मधले थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर एक माणूस बसलाय आणि तो थोडं थोडं बिघडवतोय. जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 'एलके-९९' नावाचा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक आहे, असा दावा करणारा पेपर आर्काइव्हवर टाकला. तो कुठल्याही नियतकालिकाने तपासलेला नव्हता. काही दिवसांत तो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत आला : आता वीजबिल येणार नाही म्हणे. मधले सगळे थांबे गाडीने वगळले होते. संशोधकाकडून थेट आजीकडे.

पण त्याच घटनेची दुसरी बाजू चॅमच्या वर्तुळात बसतच नाही. त्याच आठवड्यांत जगभरच्या लॅबमधली तरुण माणसं तो पदार्थ बनवून बघत होती आणि आपल्याला काय दिसलं ते रोजच्या रोज ऑनलाइन लिहीत होती. दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही तो बनवला गेला. अतिवाहकता दिसली नाही. ऑगस्ट संपायच्या आत कळलं, की रोध एकदम घसरल्यासारखा दिसतो तो त्यात भेसळ म्हणून असलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. ज्या तारांवरून अफवा आली, त्याच तारांवरून तिचं उत्तरही आलं. ते उत्तर ग्रुपवर कुणी फॉरवर्ड केलं नाही, हा भाग वेगळा. मी केलं, त्यावर एक अंगठा आला.

चॅमच्या जगात संशोधक हा बातमीचा बळी आहे. तो चक्राच्या सुरुवातीला बसलेला असतो आणि शेवटी आजीकडे हताशपणे बघतो. तो परत जाऊन पदार्थ बनवून बघेल, ही शक्यता त्या विनोदाला परवडत नाही. इथे मला या मालिकेची पहिली मर्यादा दिसली. तिच्यातली माणसं गोष्टी सोसतात फार, करतात कमी.

५

आता फ्रिजवरच्या कागदाकडे येते.

रूममेटची फेलोशिप सात महिने आली नव्हती. कागदावर आकडे वाईट नाहीत. १ जानेवारी २०२३पासून जेआरएफ ३१,०००वरून ३७,००० झाली, एसआरएफ ३५,०००ची ४२,००० झाली. पण हा आकडा दर महिन्याला खात्यात जमा होतो असं ज्याला वाटत असेल त्याने कुठल्याही रिसर्च स्कॉलरला विचारावं. कधी युटिलायझेशन सर्टिफिकेट अडकतं, कधी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फाइल जाते आणि दुसरं कार्यालय म्हणतं, आलीच नाही. महाराष्ट्रात तर फेलोशिपसाठी विद्यार्थी आझाद मैदानात उपोषणाला बसल्याच्या बातम्या आपण वाचतोच. या सात महिन्यांत तिचं अर्धं भाडं मी भरत होते. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. ती प्रत्येक महिन्याला एका वहीत आकडा लिहून ठेवत होती. ती वही मला एकदा ओट्यावर दिसली.

मग त्या रविवारनंतर दोन-तीन दिवसांनी, भांडी घासताना, ती आपणहून म्हणाली, "अगं, मागच्या शुक्रवारी मी खरंच एका सेमिनारला समोशांसाठी गेले होते. विषय खगोलशास्त्र. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिसरा समोसा घेताना मला तुझा तो फ्रिजवरचा माणूस आठवला, आणि हसूच येईना."

स्टॅनफर्डमधला विद्यार्थी फुकटच्या पिझ्झ्यामागे धावतो, त्यात गंमत आहे, कारण त्याला उद्या जेवायला मिळणार हे आपल्याला ठाऊक असतं. विनोदाला ती जमीन लागते. 'पीएचडी कॉमिक्स'मध्ये पैसा कमी असतो, पण येतो. गाईड भेटत नाही, पण मुद्दाम सूड घेत नाही. लायब्ररीत हवा तो पेपर उघडतो. तीसएक डॉलर मागणाऱ्या पानासमोर कुणी रात्र काढत नाही. त्या जगातली टंचाई ही मध्यमवर्गीय टंचाई आहे आणि ती तात्पुरती आहे. चॅमने आपल्या अनुभवातलं लिहिलं यात त्याचा दोष नाही. दोष असलाच तर माझा, की मी ते स्ट्रिपमधून कापून आमच्या फ्रिजवर लावलं आणि तिच्या सात महिन्यांवर ते बसेल असं धरून चालले.

पण एक आक्षेप चॅमच्याच बाजूचा आहे. स्ट्रिपचा आकारच असा, की चौथ्या चौकटीनंतर सगळं पुन्हा शून्यावर यावं लागतं. सोमवारी गाईडने झापलं, बुधवारी तोच विद्यार्थी तोच चेहरा घेऊन पुन्हा हजर. त्याच्यावर काही साचत नाही. खऱ्या लॅबमध्ये साचतं. माणूस चौथ्या वर्षी पहिल्या वर्षाचा उरत नाही. तो कमी बोलतो, फोन उचलत नाही, घरी गणपतीला जायचं टाळतो, कारण तिथे 'कधी संपणार?' हा प्रश्न असतो. या साचण्याचं चित्र स्ट्रिपमध्ये येत नाही आणि त्यामुळे तिच्यावर हसणाऱ्या बाहेरच्या माणसाला, म्हणजे मला, असं वाटत राहतं, की या लोकांचं असंच असतं, चालायचंच. ज्या गोष्टीने आतल्याला धीर दिला, तिनेच बाहेरच्याला बेफिकीर केलं.

याला उत्तर म्हणून माइक स्लॅकनर्नीकडे बोट दाखवता येईल, आणि ते रास्त आहे. माइकला अखेर पदवी मिळते. वाचकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिलेली असते. आणि मग? तो त्याच जगात पोस्टडॉक म्हणून राहतो. आता तो नवरा आहे, बाप आहे, आणि तरीही त्याचं पुढचं ठरलेलं नाही. मला ही या मालिकेतली सगळ्यात धीट जागा वाटते, कारण इथे काळ खरोखर पुढे सरकतो आणि पदवी हा शेवट नाही हे चॅम विनोदाच्या आडोशाला न जाता सांगतो. असं त्याने आणखी करायला हवं होतं.

६

दुसरी उणीव मला या वाचनातच दिसली, आधी कधीच नाही. या सगळ्या स्ट्रिपमध्ये विज्ञान कुठे आहे? नामहीन नायक काय शोधतोय? इतकी वर्षं ज्यासाठी ही माणसं जागतात, ती गोष्ट काय आहे? लॅब आहे, पण नाटकाच्या पडद्यासारखी मागे. वाचकाला वाटावं, की संशोधन म्हणजे ईमेल, डेडलाइन, कॉफी आणि मध्येच कधीतरी मिळणारी पदवी.

गंमत अशी, की चॅमला विज्ञान समजावता येत नाही असं मुळीच नाही. २०११मध्ये त्याने कृष्णद्रव्यावर, २०१२मध्ये हिग्ज बोसॉनवर, २०१६मध्ये गुरुत्वीय लहरींवर जी ॲनिमेशन केली ती अप्रतिम आहेत. डॅनियल व्हाइटसन या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याने २०१७मध्ये विश्वाबद्दल आपल्याला काय काय माहीत नाही यावर पुस्तक केलं. त्यात कुतूहल ओसंडून वाहतं. म्हणजे त्याच्या दुकानात दोन फळ्या आहेत. एकीवर थकलेली माणसं, विज्ञानाशिवाय. दुसरीवर लखलखतं विज्ञान, थकलेल्या माणसांशिवाय. दोन्ही फळ्यांवरचा माल उत्तम. पण खऱ्या लॅबमध्ये या दोन गोष्टी एकाच टेबलावर, एकाच रात्री असतात.

मराठीत या फळ्या कशा आहेत, हे बघायला मी घरातलं जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' पुन्हा काढलं. २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे आत्मचरित्र. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. १९५७मध्ये एकोणिसाव्या वर्षी केंब्रिजला गेलेला मुलगा, फ्रेड हॉइलसारखा गाईड, स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत आणि त्यावरचे वाद. इथे विज्ञान आहे, आणि तरुण संशोधकाचं रोजचं जगणंही आहे. पण आत्मचरित्र शेवटाकडून लिहिलं जातं. लिहिणाऱ्याला पुढचं माहीत असतं, वाचणाऱ्यालाही. त्यामुळे अडचणीला अडचणीचं वजन येत नाही. ती ओलांडलेली आहे हे पान उलटायच्या आधीच ठाऊक असतं. नारळीकरांना हे जाणवत असावं, असं मला त्यांच्या एका जुन्या कृतीवरून वाटतं. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना त्यांनी स्वतःचं नाव न घालता 'नारायण विनायक जगताप' हे नाव घातलं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. तेव्हा ते नामवंत होते, पद्मभूषण होते. तरी त्यांना नाव नसलेल्या माणसाच्या रांगेत उभं राहून निकालाची वाट बघायची होती. पहिलं बक्षीस मिळालं, हे आपल्याला ठाऊक आहे. ते पाकीट टाकल्यापासून निकाल लागेपर्यंतचे दिवस मात्र कुठल्याच पानावर नाहीत, आणि संशोधक आयुष्याची बरीच वर्षं तशाच दिवसांत काढतो.

स्ट्रिप मधूनच लिहिली जाते, शेवट माहीत नसताना. ही तिची ताकद आत्मचरित्राकडे नाही. आत्मचरित्राकडे कामाचा अर्थ आहे, तो स्ट्रिपकडे नाही. मला वाचायचं आहे ते या दोहोंच्या मधलं, आणि ते मी वाचलं नाही, ऐकलं. आमच्याच स्वयंपाकघरात.

७

आठ महिने तिचं वेस्टर्न येत नव्हतं. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे पेशीतली प्रोटीनं जेलमधून वीज लावून पळवायची, मग एका पातळ पडद्यावर उतरवायची आणि अँटीबॉडी घालून आपल्याला हवं ते एकच प्रोटीन शोधायचं. दोन दिवसांचं काम. नीट जमलं तर शेवटी स्क्रीनवर एक काळी रेघ दिसते, बँड. तिला रेघ दिसत नव्हती. सगळ्यात वर, जेलच्या तोंडाशी, फक्त एक काळपट डाग. तिने अँटीबॉडी बदलली, बफर नव्याने बनवले, पेशी नव्या वाढवल्या. आठवड्याला दोन याप्रमाणे किती झाले त्याचा हिशेब करा.

एप्रिलमध्ये एका रात्री दोनच्या सुमाराला तिने मला उठवलं. हातात लॅपटॉप. परदेशातल्या एका मैत्रिणीने तिला एका जुन्या पेपरची पीडीएफ पाठवली होती, मागच्या शतकातला, स्कॅन केलेला, कडेला काळी सावली असलेला. त्यातल्या कृतीच्या भागात, बारीक टायपात, एक वाक्य होतं. नमुना जेलमध्ये घालायच्या आधी पंचाण्णव अंशांना पाच मिनिटं उकळतात. सगळे उकळतात, पहिल्या दिवशी तेच शिकवतात. पण पेशीच्या पडद्यात अनेक वेळा आतबाहेर ओवलेली जी प्रोटीनं असतात ती उकळल्यावर एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि जेलच्या तोंडाशीच अडकतात. म्हणून त्यांनी नमुना उकळला नव्हता, सदतीस अंशांना अर्धा तास ठेवला होता.

अशा प्रोटीनांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्या लॅबमध्ये या आधी तसं प्रोटीन कुणी हाताळलं नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती. आठ महिने गेले होते. ती ओट्यापाशी उभी राहून ते एक वाक्य मला तीनदा वाचून दाखवत होती आणि आम्ही दोघी हसत होतो, शेजारच्यांनी भिंतीवर टकटक करेपर्यंत. मला गेल्या वर्षी कॉन्फिगरेशनच्या एका ओळीने नऊ दिवस छळलं होतं, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "नऊ दिवस? लाड आहेत तुझे."

या हसण्यात आणि मी गेटच्या निकालानंतर हसले होते त्यात फरक होता. तेव्हा मी दुसऱ्या कुणाला तरी अडकलेलं बघून हसले होते. या रात्री मात्र प्रोटीन उकळलं की काय होतं हे कळल्याशिवाय हसताच आलं नसतं. 'पीएचडी कॉमिक्स'मध्ये मला नेमकं हेच सापडत नाही : ज्यात विज्ञान हाच विनोद आहे आणि आठ महिने ही त्याची किंमत आहे, अशी एक स्ट्रिप. चॅमला ती काढता आली असती. झुरळासारखा पळणारा रोबो पहिल्यांदा पडला तेव्हा तो लॅबमध्येच होता की.

तीन दिवसांनी बँड आला. फिकट, पण योग्य जागी. तिने फोटो पाठवला, मी तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली बघितला. यातून पेपर होईल का, माहीत नाही. बँड हा फक्त पुढचं काम सुरू करायचा परवाना असतो. फेलोशिपचे पाच महिन्यांचे पैसे जूनमध्ये आले, दोन अजून यायचे आहेत. आले त्या दिवशी तिने वहीतला आकडा माझ्या खात्यात टाकला आणि मी काही बोलले नाही.

आता ती प्रबंध लिहायला लागली आहे. मी तिला एक अख्खी संध्याकाळ बसून गिट शिकवलं. तिने मान डोलावली, आणि परवा तिच्या स्क्रीनवर मला फाइल दिसली : 'थीसिस_फायनल_३_गाईडचे शेरे_खरंच फायनल'. मी काही म्हणायच्या आत ती उठली, ड्रॉवरमधून तो घडी घातलेला कागद काढला, उघडून बघितला आणि परत ठेवला. म्हणाली, "हा नको. तो फाइलींवाला प्रिंट काढून आण."